‘मॅडम, किती दिस यायला लागंल?’

मोठ्या मानसिक आघातानंतर माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांकडून पहिल्याच भेटीत हा प्रश्न येतो, आणि तो विचारायलाच हवा. बुडालेली हजेरी, गाडीभाडं, घरी काय सांगायचं, हे सगळं त्यामागे असतं. ‘बघू’ म्हणून भागत नाही.

करवीर तालुक्यातले एक शेतकरी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). २०१९ च्या महापुरात गोठ्यात पाणी शिरलं, दावं सुटेना, म्हस डोळ्यांदेखत गेली. तेव्हापासून पावसाळा लागला की झोप उडायची, रात्रभर मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत बसायचे. ती रात्र आम्ही क्रमाने, सावकाश, पुन्हा पुन्हा बोललो. अडकलं होतं एका वाक्यात: ‘विळा कोनाड्यातच हुता.’ छातीएवढ्या पाण्यात, अंधारात तो कोनाडा सापडला असता का, हे त्यांनी स्वतःच ताडून पाहिलं, तेव्हा रडू आलं. तीनेक महिन्यांत झोप सुधारली. पातळी आजही बघतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, तेव्हा बघायलाच हवी. पण पुन्हा आडवे होतात.

एकच घटना, आधीचं आयुष्य बरं, घरचे सोबत: अशा वेळी आठवड्याला एक याप्रमाणे साधारण ८ ते १२ सत्रं लागतात.

दुसऱ्या एक ताई. लहानपणी वर्षानुवर्षं घरातच मार खाल्लेला. ‘नणंदेचं अपघातानंतर लवकर झालं, मीच कमी पडतेय का?’ म्हणाल्या. अजिबात नाही. जिथे आसरा मिळायचा तिथूनच मार आला, तर आठवणींना हात घालण्याआधी झोप, अंगातली धडधड आवरणं, माझ्यावरचा विश्वास, यातच महिने जातात. त्यांना वर्षावर लागलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अशा गुंतागुंतीच्या आघाताची वेगळी नोंद आहे. मला ती फार मोलाची वाटते. ताईंसारख्यांचा स्वतःवरचा ठपका त्याने हलका होतो.

मारणारा अजून त्याच घरात असेल, तर आधी सुरक्षिततेची सोय बघायची. तिथे सत्रं मोजण्यात अर्थ नाही.

पाच-सहा भेटींनंतर काहीच हललं नाही, तर समुपदेशकाला स्पष्ट विचारा, पद्धत बदलता येते. येणं जमतच नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून बोलता येतं. फोन मोफत आहे.