ती बातमी तुमच्या तोंडून गेली

प्रिय सिस्टर,

खानापूर तालुक्यातल्या गावाहून तुम्ही रोज बसने बेळगावला प्रसूती वॉर्डात ड्युटीला जाता. गेल्या महिन्यात बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाने एक तरुण बाई दगावली, आणि डॉक्टरांनी कन्नडमध्ये सांगितलेले तिच्या सासूला तुम्हाला मराठीत सांगावे लागले. वॉर्डातल्या मावशींनी त्या म्हातारीला धरून बाकावर बसवले, पाणी दिले, तिने ते प्यायले नाही, फक्त तुमच्याकडे बघत "तूच म्हणाली होतीस ना, बरी होईल?" एवढे विचारले. तो प्रश्न कानातून जात नाही, असे तुम्ही लिहिता. यजमान म्हणतात, दवाखान्याचे दवाखान्यात सोडून यावे. सहकाऱ्यांपाशी बोलावे तर आपण कच्च्या ठरू अशी भीती वाटते.

तुम्ही कच्च्या नाही. आपल्या सीमाभागात दोन्ही भाषा येणाऱ्या नर्सवर जे काम न सांगता येऊन पडते, त्याचे ओझे कोणी मोजत नाही. डॉक्टर दोन वाक्ये बोलून पुढच्या रुग्णाकडे वळतात, पण "गेली" हा शब्द तुमच्या तोंडून, तुमच्याच मायबोलीत, तुमच्या सासूसारख्या दिसणाऱ्या बाईच्या पदरात पडतो. मातामृत्यू झाला की त्याचा आढावा घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि उपचारात काय राहिले हे तिथे तपासले जावे हे योग्यच आहे. मात्र त्या रात्री तुमचे काय झाले, हा प्रश्न त्या आढाव्यात नसतो.

तो प्रश्न विचारण्यासाठी वेगळी बैठक लागते. १९५० च्या दशकात लंडनमध्ये मायकेल बालिंट आणि एनिड बालिंट यांनी डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले, जिथे रोगाच्या निदानापेक्षा रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातल्या नात्याविषयी, त्याने मनात काय उठते याविषयी बोलले जाई. बोस्टनमधले वकील केनेथ श्वार्ट्झ १९९५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. आजारपणात कर्मचाऱ्यांनी दाखवलेल्या मायेची त्यांच्या मनावर खोल छाप पडली होती, आणि त्यांच्या नावाने सुरू झालेल्या बैठकांत डॉक्टरांपासून इतर कर्मचाऱ्यांपर्यंत सगळे एकत्र बसून कामाचा मनावर काय भार पडतो ते बोलतात.

तुम्हाला एवढ्या मोठ्या व्यवस्थेची गरज नाही. पुढच्या पाळीला हँडओव्हर देऊन झाल्यावर महिन्यातून एकदा चार-पाच जणी अर्धा तास बसा. रुग्णाचे नाव घेऊ नये, कोणी काही लिहून ठेवू नये, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोलणारीला सल्ला देऊ नये. "असे करायला हवे होते" हे वाक्य आले की पुढची बाई तोंड उघडत नाही. ज्येष्ठ सिस्टरांना आधी विश्वासात घ्या, म्हणजे ही कागाळी वाटणार नाही. जिला कन्नडमध्ये रडायचे असेल तिने कन्नडमध्ये रडावे, आणि त्या अर्ध्या तासात दुभाष्याचे काम तुम्ही करू नका.

झोप उडाली असेल, ड्युटीवर जाताना छातीत धडधडत असेल, तर मात्र बैठकीची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येते. यजमानांनाही एकदा सांगून पाहा, की उपाय नको आहे, नुसते ऐकून घ्या.

आणि बैठकीला पहिले बोलावणे त्या मावशींना जाऊ द्या. न प्यायलेला तो पेला परत नेऊन त्याही त्या रात्री घरी गेल्या, आणि त्यांना अजून कोणी काही विचारलेले नाही.