महिन्यातून दोन सिगार आणि छातीतली धडधड

‘ताई, मी ४४ वर्षांचा आहे. राहायला मुलुंड, ऑफिस लोअर परळला. सिगारेट सात वर्षांपूर्वी सोडली. पण गेली दोन वर्षं क्लायंट किंवा पार्टनर लोकांबरोबर बसणं होतं, तेव्हा महिन्यातून एकदोनदा सिगार ओढतो. धूर आत घेत नाही, तोंडातच ठेवून सोडतो. माझे वडील ५१ व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. मागच्या महिन्यात अशाच एका पार्टीनंतर रात्री घरी आलो आणि छाती इतकी धडधडायला लागली की दरदरून घाम फुटला. तासाभराने बरं वाटलं. बायकोला ॲसिडिटी झाली म्हणून सांगितलं. सिगारचं तिला काहीच माहीत नाही. इतक्याशा सिगारने हृदयाला खरंच काही होतं का, की मी उगाच घाबरतोय?’ – एक मुलुंडकर

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. सिगारकडे येतेच, पण आधी त्या रात्रीबद्दल बोलू. धडधड, घाम आणि वडिलांचा इतिहास या तीन गोष्टी एकत्र आल्यावर ‘ॲसिडिटी’ म्हणून विषय मिटवायचा नसतो. याच आठवड्यात फिजिशियनकडे जा. निकोटिनने नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढतात, जास्त झालं तर मळमळतं, घाम येतो. सोबत दारू असेल तर ठोक्यांची लय बिघडूही शकते. त्या रात्री एवढंच झालं असेल, अशी शक्यता आहे. पण ते तपासून सांगायचं काम डॉक्टरांचं, तुमचं किंवा माझं नाही. आणि पुन्हा असं झालं, छातीवर दाब आला, हात, जबडा किंवा पाठ दुखायला लागली, दम लागला, तर तासभर वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला निघू नका.

आता ‘धूर आत घेत नाही’ हे वाक्य. सिगार ओढणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती हे म्हणते आणि त्यावरच निश्चिंत राहते. आपल्याकडे तंबाखू मळताना चुना का लावतात, आठवून बघा. चुन्यामुळे तंबाखू अल्कधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरतं, गिळावंही लागत नाही. सिगारचा धूर मुळातच तसा असतो. सिगारेटचा धूर आम्लाकडे झुकणारा, म्हणून त्यातलं निकोटिन मिळवायला तो छातीत ओढावा लागतो. सिगारच्या बाबतीत तोंडात घोळवला तरी पुरे. त्यात प्रमाणही बघा. एका सिगारेटमध्ये ग्रॅमभरापेक्षा कमी तंबाखू असते, तर मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या पाकिटाएवढी भरू शकते. तुम्ही तो तासभर हातात धरून बसता, म्हणजे तासभर निकोटिन हळूहळू रक्तात जात राहतं.

शिवाय ही मंडळी बसतात कुठे? हॉटेलच्या बंद स्मोकिंग रूममध्ये. तिथे चार जणांचे सिगार पेटलेले असताना तुम्ही नाकाने श्वास घेताच ना? सिगारचं वरचं पान सिगारेटच्या कागदासारखं सच्छिद्र नसतं, त्यामुळे त्यातून कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त धडपडावं लागतं. आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी: ज्यांनी आधी सिगारेट ओढलेली असते, ते पुष्कळदा सिगारचाही धूर नकळत आत ओढतात. सवय छातीत मुरलेली असते.

आकडे विचाराल म्हणून सांगते. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या सुमारे १७,७०० पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सिगार ओढणाऱ्यांना हृदयाच्या धमन्यांचा आजार होण्याचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा २७ टक्के जास्त निघाला. मात्र त्यात रोज किती सिगार, अशी मोजणी होती. महिन्याच्या दोन सिगारला तो आकडा चिकटवून तुम्हाला घाबरवणं बरोबर नाही, आणि मी ते करणार नाही. महिन्यातून दोन सिगार म्हणजे रोजच्या दोन सिगारइतका धोका नव्हे, हे उघड आहे.

तरीही ‘थोडं आहे म्हणजे चालतं’ असा निष्कर्ष काढू नका. हृदयाचं गणित सरळ चालत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आधीच्या कितीतरी अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. रोज फक्त एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा भरतो, असं त्यात दिसलं. विसावा हिस्सा नव्हे, निम्मा! कारण रक्तवाहिन्या आकसणं, रक्ताची गुठळी बनवणाऱ्या प्लेटलेट्स चिकट होणं, यासाठी फार धूर लागत नाही. ज्याच्या धमन्यांत आधीच काही साचलेलं आहे, त्याला एखादी रात्रही महाग पडू शकते. आणि तुमच्या धमन्यांत काय आहे, हे आज तुम्हाला माहीत नाही. माझी काळजी आहे ती ही.

वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर तो मोठा धोका मानतात. त्यात आपण दक्षिण आशियाई. २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात पहिला हार्ट अटॅक येण्याचं सरासरी वय आपल्या भागात ५३ निघालं, बाकीच्या देशांत ते ५९ च्या आसपास होतं. दुसऱ्या एखाद्याने हाच प्रश्न विचारला असता तर कदाचित मी इतकं ताणलं नसतं. तुम्हाला मात्र स्पष्ट सांगते, सिगार पूर्ण सोडा. वर्षातून एकदाचाही नको.

डॉक्टरांकडे गेल्यावर रक्तदाब, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), ईसीजी हे होईलच. वडिलांचा इतिहास सांगून लिपोप्रोटीन-ए (रक्तातला आनुवंशिक, कोलेस्टेरॉल वाहणारा एक घटक) ही तपासणी करायची का, तेही विचारा. ती बहुधा आयुष्यात एकदाच करावी लागते. धडधडीसाठी ते चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, लावायला सांगतील कदाचित. ईसीजी नॉर्मल आला म्हणून मात्र हुरळून जाऊ नका. स्वस्थ पडून काढलेल्या ईसीजीत ब्लॉकेज दिसेलच असं नाही. आणि ‘स्मोकिंग?’ विचारलं की ‘नाही, सोडलं’ म्हणू नका. सिगारसकट सगळं सांगा. विम्याच्या फॉर्मवरही हेच. तिथे तंबाखूचा प्रश्न असतो आणि लपवलेलं पुढे घरच्यांच्या क्लेमच्या आड येऊ शकतं.

ऑफिसच्या मंडळींचं फार मनावर घेऊ नका. ‘डॉक्टरांनी बंद केलंय’ एवढं म्हटलं की मुंबईत कुणी पुढे विचारत नाही, कारण त्यांतल्या निम्म्यांची स्वतःची फाइल कुठल्या तरी डॉक्टरकडे असते. जेवायला थांबा, स्मोकिंग रूमकडे निघतील तेव्हा निरोप घ्या. मन मागे ओढू लागलं तर १८००-११-२३५६ या तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत बोलता येतं. सिगारेट एकदा सोडलेल्या माणसाला सिगार पुन्हा तिकडे नेऊ शकतो, म्हणून हा नंबर जवळ असू द्या.

राहिली बायको. त्या रात्री ती शेजारी होती आणि तिला खरं माहीत नव्हतं. रात्री दोन वाजता तुम्ही पुन्हा घामाघूम होऊन उठलात, तर ती इनो शोधेल. तिने १०८ लावायला हवं. म्हणून सांगायचं. रागावेल, दोन दिवस बोलणार नाही कदाचित, ते सोसा. सिगारबद्दल आणि त्या रात्रीबद्दल एकाच बैठकीत सांगा, हप्त्याहप्त्याने नको. मग डॉक्टरांकडे तिला बरोबर न्या. आणि त्याआधी आईला फोन करून वडिलांना नेमकं काय झालं होतं, आधीपासून बीपी किंवा शुगर होती का, काका-आत्यांपैकी कुणाला त्रास आहे का, हे विचारून कागदावर लिहून घ्या. डॉक्टर ते विचारणारच आहेत.