गोठ्यात चुना चालतो, पण कळीचा नव्हे

सहा गाईंच्या मुक्त गोठ्यात (जिथं गाई न बांधता मोकळ्या असतात) बसायच्या जागेवर चुना टाकला तर चालेल का आणि किती टाकावा, असं तुम्ही विचारलंय. चालतो. फक्त दुकानात जाऊन नुसतं "चुना द्या" म्हणू नका. आमच्या घरात त्यावरून 2019 पासून वाद आहे.

त्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, आणि इकडं भिलवडीजवळ आमचा गोठा पाण्याखाली. आठवड्यानं जनावरं आणायची, तर कोब्यावर वीतभर गाळ. गाळ ओढला, धुतलं, तरी वास जाईना. बेंदराला भिंती रंगवायला आणलेला कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे पाणी न लागलेले खडे, प्लॅस्टिकच्या पोत्यात घराच्या माळ्यावर शिल्लक होता. दादानं खडे हातोडीनं फोडले आणि ओल्या कोब्यावर पसरले. चर्रर्र आवाज, वाफ. दादा खूश, "जंतू मेले बघ!" घमेलं मी धरलं होतं, हेही खरं.

तासाभरात म्हैस बांधली. सकाळी ती धारेला हात लावू देईना. सडांची कातडी पांढरी पडलेली, बोट लागलं की कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघत होती. पुढं दोन सडांना दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली. एक सड कायमचा गेला.

दादाचं म्हणणं, "बेंदराला तोच लावतो की भिंतींना." अरे, तो पिंपात रात्रभर भिजून, खदखदून, गार झालेला असतो! कळीचा चुना पाणी पिताना तापतो. ते तापणं पिंपात व्हायला हवं, कासेखाली नव्हे.

तर तुम्ही विरलेल्या, म्हणजे आधीच पाणी पिऊन गार झालेल्या, चुन्याची कोरडी भुकटी आणा. दहा बाय दहा फुटांना अर्धा किलो, यापेक्षा जास्त मी टाकत नाही. गाई बाहेर काढायच्या, ओलं शेण-मूत ओढून घ्यायचं, जागा सुकू द्यायची, मग चुना, आणि वर कोरड्या पाचटाचा जाड थर. धूळ बसल्याशिवाय गाई आत नकोत. ओल्या मुतावर टाकलात तर अमोनिया सुटून डोळे चुरचुरतात, तुमचेही आणि गाईचेही. शिवाय असर एक-दोन दिवसांचा. शेण रोज ओढायचं नसेल तर चुन्याचे पैसे वाचवा. टाकताना नाक-तोंड बांधा, चष्मा लावा. डोळ्यात गेला तर वीसेक मिनिटं नुसत्या पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा. लिंबू, दही, तेल काही नको.

विरलेलाही सौम्य नसतो बरं, त्याचा पीएच 12 च्या वर. सडाला भेगा असतील किंवा गाय नुकती व्यालेली असेल तर न भाजलेल्या चुनखडीची भुकटी घ्या. ती जंतू फारसे मारत नाही, पण भाजतही नाही. आणि गोठ्यात रोग येऊन गेला असेल तर आधी पशुवैद्यकाला विचारा. रिकाम्या गोठ्याचा हिशेब वेगळा असतो, तिथं दादा अगदीच चूक नव्हता.

पण म्हशीचं "पुराच्या पाण्यानं झालं" हे तो आजही म्हणतो. आमची रेडी त्याच पाण्यातून बाहेर काढलेली. ती पलीकडच्या टोकाला, चुना न पोचलेल्या जागी बांधली होती. तिच्या अंगावर साधी पुळीसुद्धा उठली नाही.