फिल्म चिकटू नये म्हणून बी.एस्सी.?

‘मुलगी यंदा रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाली. एम.एस्सी.ला प्रवेश मिळतोय, पण तिला तारापूरच्या प्लास्टिक फिल्मच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी करायची आहे. काम काय, तर फिल्म चिकटू नये हे बघायचं! त्यासाठी शिकवलं का?’
– एक वडील, पालघर

नमस्कार. तुमचा वैताग समजला. पण मी अशाच कारखान्यात चार वर्षं काढली आहेत, त्यामुळे हे काम हलकं म्हणवत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामातला रोल उलगडायला घेतला की चर्र आवाज येतो, आणि थर सुटायच्या ऐवजी फिल्मच फाटते. अख्खा रोल भंगारात.

डायपरच्या बाहेरच्या फिल्ममध्ये वजनाने जवळपास निम्मी चुनखडीची पूड असते. फिल्म ताणली की कणांभोवती सूक्ष्म भोकं पडतात. वाफ जाते, पाणी अडतं. पुडीमुळे ती खरखरीत असते, फारशी चिकटत नाही. खरी डोकेदुखी जखमेच्या ड्रेसिंगला लागणाऱ्या टीपीयू (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) फिल्मची. तिला भोकंच नसतात, वाफेचे रेणू पॉलिमरमधूनच वाट काढतात. माल मऊ, गरम असताना गुंडाळला की थर एकमेकांना धरून बसतात. मग थरांत फट राहावी म्हणून सिलिकाची बारीक पूड घालायची, आणि पृष्ठभागावर येऊन घसरण देणारं अमाइड मेण. मेण जास्त झालं की फिल्मवर गोंद धरत नाही, आणि ड्रेसिंगचा अर्धा जीव तर गोंदातच! सिलिका वाढवली की फिल्म धुरकट, खालची जखम दिसेना. त्यात मेण सावकाश वर येतं, म्हणून आज मोजलेलं घर्षण उद्या वेगळंच भरतं. असं का, हे ज्याला सांगता येतं त्याचं लाइनवरचा सुपरवायझरही ऐकतो.

तेव्हा जाऊ द्या तिला, पण दोन वर्षंच. नुसत्या बी.एस्सी.वर टेस्टिंगच्या टेबलापुढे सरकणं अवघड जातं. पुढे सिपेटचा (केंद्र सरकारची प्लास्टिकचं शिक्षण देणारी संस्था) प्लास्टिक्स प्रोसेसिंग अँड टेस्टिंगचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा करावा (छत्रपती संभाजीनगरला केंद्र आहे), नाहीतर पॉलिमरमध्येच एम.एस्सी. घरी बसायला नको म्हणून आत्ताच कुठलीही एम.एस्सी. करण्याच्या मी विरोधात आहे.

मुलाखतीत तिने एवढंच विचारावं: मास्टरबॅचचं (सिलिका, मेण ज्यातून घालतात ते दाणे) प्रमाण बदलून ट्रायल घेताना प्रयोगशाळेतली माणसं लाइनवर असतात, की त्यांच्याकडे फक्त नमुने येतात? नुसते नमुनेच येत असतील, तर तारापुरात कारखाने आणखीही आहेत. आणि बॉण्ड असेल, तर सहीआधी तो तुम्ही स्वतः वाचा.