सकुराचं (जपानी चेरीचं) बोन्साय हिवाळ्यात घरात ठेवलं तर चालेल का?

नाही हो, घरात घेऊच नका, बाहेरच राहू द्या. सकुराला थंडी लागतेच. उन्हाळ्यात तयार झालेल्या कळ्या झोपी जातात आणि साधारण 7 अंशाच्या खालची थंडी बरेच आठवडे मिळाली की मगच त्या जाग्या होतात, हीटरच्या खोलीत ठेवलं तर झाड बिचारं गोंधळून जातं. फक्त कुंडीतली माती गोठून दगड होईल इतकी थंडी असेल तर भिंतीच्या आडोशाला ठेवा.

आमच्या तोक्योच्या बाल्कनीत असाहियामा जातीचं आहे, जेमतेम वीतभर, तरी गुलाबी डबल (भरगच्च पाकळ्यांची) फुलं भरभरून येतात. छाटणी फुलं गळल्या गळल्या लगेच करायची, उशीर केलात तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात. जपानीत म्हणच आहे, सकुरा छाटणारा मूर्ख आणि उमे (जपानी जर्दाळूचं झाड) न छाटणारा मूर्ख, कारण सकुराची जखम लवकर भरत नाही, बाभळीसारखा तांबूस डिंक गळत राहतो आणि तिथूनच बुरशी शिरते, म्हणून फांदी कापली की कापलेल्या जागी झाडाच्या जखमेची पेस्ट लावाच. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी, तेव्हाच कळ्या धरतात.