पत्रकात नसलेलं आश्वासन

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. उत्तराला दोन दिवस लागले, कारण पहिल्या रात्री लिहिलेलं उत्तर सकाळी वाचून फाडून टाकलं. त्यात उपदेश फार झाला होता.

'काका, सगळे सारखेच असतात,' असं तू शेवटी लिहिलंयस, खाली दोन रेघा मारून. तुझ्या वयात मीही एका मित्राला हेच वाक्य लिहिलं होतं. त्याने ते पत्र जपून ठेवलंय आणि मी फार शहाणपणा करायला लागलो की तो ते बाहेर काढतो. तेव्हा या वाक्यावरून मी तुझी शाळा घेणार नाही. तुझी निराशा खरी आहे. ज्या पक्षासाठी तू मतदारयाद्या घेऊन जिने चढलीस, गरिबांच्या बाजूचा म्हणून जो पक्ष तू लोकांना समजावून सांगितलास, तो सत्तेत बसला आणि पहिली कात्री त्याने त्याच लोकांवर चालवली. कुणालाही लागेल.

मला एवढंच म्हणायचंय की या निराशेला नाव-गाव दे. नुसती 'निराशा' म्हणून ती मनात ठेवलीस तर ती सडते.

आपल्याकडची उदाहरणं मुद्दाम घेत नाही. ती घेतली की तू मुद्दा सोडून पक्ष मोजायला लागशील, आणि मीही. लांबचं जरा स्वच्छ दिसतं.

ब्रिटनमध्ये 1945 साली मजूर पक्ष प्रचंड बहुमताने आला. ॲटली पंतप्रधान झाले आणि 5 जुलै 1948 ला त्यांची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. डॉक्टर, औषधं, दातांची कवळी, चष्मा, सगळं मोफत. त्याआधी गरीब माणूस दुकानात जाऊन समोर मांडलेले तयार चष्मे एकामागून एक डोळ्यांना लावून बघायचा आणि ज्यातून बरं दिसेल तो घेऊन यायचा. त्याला पहिल्यांदा कुणीतरी डोळे तपासून नंबर काढून दिला. कवळ्यांना एवढी मागणी आली की सगळे अंदाज कोसळले. वर्षानुवर्षं हिरड्यांनी चावून खाणारी माणसं होती ती.

तीनच वर्षं झाली. कोरियाचं युद्ध पेटलं होतं आणि सरकारने शस्त्रसज्जतेचा कार्यक्रम हाती घेतला होता, तीन वर्षांत 4,700 दशलक्ष पौंडांचा. एप्रिल 1951 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री गेट्सकेल यांनी कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावलं. त्यातून त्या वर्षी वाचणार होते सुमारे 13 दशलक्ष पौंड. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघ. आरोग्य सेवा ज्याने उभी केली तो अन्यूरिन बेव्हन याच मुद्द्यावर मंत्रिपद सोडून बाहेर पडला. पाठोपाठ हॅरॉल्ड विल्सनही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पक्ष निवडणूक हरला. गंमत अशी की मतं विरोधकांपेक्षा जास्त पडली होती, जागा कमी. मग पुढची तेरा वर्षं सत्तेबाहेर.

कवळीमुळे सरकार पडलं असं मी म्हणत नाही. रेशनिंग होतं, थकवा होता, बरंच काही होतं. पण सरकारच्या हिशेबात जी रक्कम किरकोळ असते तीच माणसाच्या तोंडात असते. माणूस राजकोषीय तूट विसरतो, कवळी विसरत नाही.

हीच चूक तोच पक्ष त्र्याहत्तर वर्षांनी पुन्हा करतो, हे पाहून मी कपाळाला हात लावला होता. जुलै 2024 मध्ये चौदा वर्षांनी मजूर पक्ष सत्तेत आला. त्याच महिन्याच्या अखेरीस जाहीर झालं की वृद्धांना हिवाळ्यात घर गरम ठेवायला मिळणारी मदत आता फक्त अगदी गरिबांनाच मिळेल. जवळपास एक कोटी वृद्ध वगळले गेले. रक्कम एका घरामागे दोनशे-तीनशे पौंड. पुढच्या जूनमध्ये सरकारने बराचसा निर्णय मागे घेतला. पैसे परत आले, पण मधला एक हिवाळा लोकांनी काढला होता, आणि हे सरकार आधी कुणाच्या खिशात हात घालतं हे त्यांना कळून चुकलं होतं. निर्णय मागे घेतल्यावर लोक आभार मानतील असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी उसने पैसे परत मागितलेले नसावेत.

जर्मनीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि तुला ती जास्त उपयोगी पडेल. तिथे चॅन्सलर (सरकारप्रमुख) झालेल्या श्रोडर यांच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला 1998 साली 40.9 टक्के मतं होती. बेकारी वाढत गेली, तेव्हा 2003 मध्ये त्यांनी सुधारणांचा कार्यक्रम आणला. त्याचा सगळ्यात बोचरा भाग 1 जानेवारी 2005 ला लागू झाला. लोक त्याला 'हार्ट्झ चार' म्हणत. आधीची पद्धत अशी होती की नोकरी गेल्यावर ठराविक मुदतीचा भत्ता मिळायचा, आणि तो संपला तरी पुढेही जुन्या पगाराच्या प्रमाणात मदत चालू राहायची. नव्या पद्धतीत मुदत संपली की सगळे एकाच ओळीत. घरभाडं वेगळं, आणि हातात महिन्याला एक ठराविक रक्कम, पश्चिम जर्मनीत 345 युरो. त्यासाठी बचत किती, घरात आणखी कोण कमावतं, सगळं उघड करायचं.

आता विचार कर, तीस वर्षं एकाच कारखान्यात काढलेला पन्नाशीचा माणूस. त्याला पैसे कमी मिळाले याचं दुःख होतंच, पण आपल्या तीस वर्षांची किंमत खात्यात शून्य धरली, आणि ती आपल्याच पक्षाने धरली, हे त्याला जास्त लागलं. पुढे बेकारी उतरली. ती या सुधारणांमुळे उतरली की आणखी कशामुळे, यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. पण समज, श्रोडर पूर्ण बरोबर होते. तरीही त्या माणसाचा अपमान खराच राहतो. पक्ष 2009 मध्ये 23 टक्क्यांवर आला. शेवटी 2023 मध्ये त्याच पक्षाच्या नेतृत्वाखालच्या सरकारला ती योजना बदलून तिचं नावसुद्धा पुसावं लागलं.

म्हणून तुझ्या पत्रातलं 'त्यांनी फसवलं' हे क्रियापद मला अपुरं वाटतं. जमलं नाही, करायचंच नव्हतं, आणि करताना माणसाला माणूस धरलं नाही, या वेगवेगळ्या तक्रारी आहेत. पहिल्या तक्रारीत सरकारची बाजूही ऐकावी लागते. फ्रान्समध्ये समाजवादी पक्षाचे मितराँ 1981 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून आले, किमान वेतन वाढवलं, पगारी रजेचा पाचवा आठवडा दिला, बँका सरकारी केल्या. दोन वर्षांत फ्रँकचं तीनदा अवमूल्यन करावं लागलं आणि मार्च 1983 मध्ये काटकसरीकडे वळावं लागलं. तिजोरी, व्यापारतूट, शेजारी देश, हे सगळं खरं असतं. घोषणांनी ते हटत नाही. मला तिथे वळण्यापेक्षा त्याचं समर्थन खटकतं. पक्षाचे सचिव जोस्पँ म्हणाले, हा एक कंस आहे. म्हणजे मूळ वाक्य पुढे चालूच राहणार, मध्ये थोडा मजकूर कंसात. तो कंस काही मिटला नाही. लोक वाट बघत राहिले. 'रस्ता बदलला आहे, का बदलला ते ऐका' असं सरळ सांगितलं असतं तर शिव्या खाव्या लागल्या असत्या, पण विश्वास कदाचित वाचला असता.

ग्रीसमध्ये तर समाजवादी पक्षाचे नेते पापांद्रेऊ 2009 च्या प्रचारात 'पैसे आहेत' म्हणाले आणि पुढच्याच एप्रिलमध्ये एका छोट्या बेटावरच्या बंदरात उभं राहून त्यांनी देशासाठी मदत मागितली. त्यांचा पक्ष जवळपास 44 टक्क्यांवरून 2015 पर्यंत पाच टक्क्यांच्याही खाली गेला. यावर मी आणखी काय बोलू?

आता माझी एक गोष्ट. ती आजवर फार लोकांना सांगितलेली नाही.

मीही असाच दारोदार फिरायचो. एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहायच्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याचं सगळं त्याच करायच्या. मी पत्रक दिलं. त्यांनी विचारलं, घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांना काही भत्ता मिळेल का? मी म्हणालो, 'मिळेल.' त्यांनी तिथल्या तिथे पेन्सिल आणून पत्रकावर एका ओळीखाली रेघ मारली. मला बरं वाटलं. एक मत पक्कं.

सरकार आलं. वर्षभराने मी कसल्यातरी सह्या घ्यायला त्याच इमारतीत गेलो. बाईंनी दार अर्धंच उघडलं. मला ओळखलं, आत गेल्या आणि औषधांच्या डब्यातून घडी घातलेलं ते पत्रक घेऊन आल्या. 'वाचा,' म्हणाल्या. मी रेघ मारलेली ओळ मोठ्याने वाचली. 'या घटकांसाठी भत्त्याचा सकारात्मक विचार केला जाईल.' वाचता वाचता माझा आवाज उतरला. बाई म्हणाल्या, 'पण तुम्ही मिळेल म्हणाला होतात.'

पक्षाने ते वचन दिलंच नव्हतं. ते मी दिलं होतं. जाहीरनामा लिहिणाऱ्यांनी 'विचार केला जाईल' असं मोजून-मापून लिहिलं होतं, कारण त्यांना माहीत होतं की माझ्यासारखा कुणीतरी दारात उभा राहून त्याचं 'मिळेल' करणार. त्यांची ती सोय होती आणि माझा तो उत्साह. दोन्ही मिळून त्या बाईंची फसवणूक झाली. त्या दिवसापासून 'नेत्यांनी लोकांचा विश्वासघात केला' हे वाक्य मला एका दमात म्हणता येत नाही. मध्ये खोकला येतो.

तुझ्या हातून असं किती दारांत झालं असेल? आरोप करत नाहीये, मोजायला सांगतोय. एक वही घे. काय लिहून दिलं होतं, तू तोंडाने काय बोललीस, आणि झालं काय, हे लिही. आठवेल तेवढंच लिही, पण खरं लिही. मग पक्षावरचा तुझा राग कदाचित कमी होईल, कदाचित दुप्पट होईल. पण तो कुठल्या निर्णयावर आहे, तो कुणी घेतला, भार कुणी सोसला, हे तुला सांगता येईल. 'सगळे सारखेच' या वाक्याने सत्तेतल्या एकाचीही झोप उडत नाही. 'अमुक तारखेला अमुक भत्ता बंद केलात, माझ्या यादीतल्या चाळीस घरांत त्याचा काय परिणाम झाला ते हे बघा' असं लिहून नेलंस तर निदान खुर्चीत चुळबुळ होते.

मतदानाला जाणारच नाही, असंही तू लिहिलंयस. ब्रिटनमध्ये ब्लेअर यांच्या मजूर पक्षाला 1997 मध्ये एक कोटी पस्तीस लाख मतं होती. चार वर्षांनी ती एक कोटी सात लाखांवर आली. अठ्ठावीस लाख माणसं गळाली, एकूण मतदान 71 टक्क्यांवरून 59 वर आलं, आणि तरी जागा चारशेच्या वरच. आतल्या लोकांनी काय निष्कर्ष काढला असेल? सगळं छान चाललंय. घरी बसलेल्या माणसाची निराशा मोजणीच्या टेबलावर दिसतच नाही. पुढे 2003 मध्ये इराक युद्धाविरुद्ध लंडनचे रस्ते माणसांनी भरून गेले, रॉबिन कुक मंत्रिपद सोडून उठले, तेव्हा कुठे ती दिसायला लागली.

पक्षात राहावं की सोडावा, हे तू विचारलंयस आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. बेव्हन मंत्रिमंडळातून गेला पण पक्षात राहून भांडत राहिला, आणि काही वर्षांनी त्याच पक्षाचा उपनेता झाला. जर्मनीत श्रोडर यांच्याच पक्षातल्या लाफोंतेन यांनी अर्थमंत्रिपद आणि पक्षाचं अध्यक्षपद दोन्ही 1999 मध्ये सोडलं, पुढे पक्षही सोडला आणि वेगळा डावा पक्ष उभा करायला हातभार लावला. दोघांपैकी कोण बरोबर, यावर माझं मत दर पाच वर्षांनी बदलतं. फक्त चिडून, रात्री अकराला, फोनवरून राजीनामा पाठवू नकोस. गेलीस तर कारण लिहून जा, आणि आधी ती वही पुरी कर.

त्या बाईंचं पुढे काय झालं ते राहिलंच. महिनाभराने मी पुन्हा गेलो. म्हणालो, चूक माझी होती, असं काही लिहिलेलं नव्हतं, मी वाढवून बोललो. त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. आतून नवऱ्याने हाक मारली तशा त्या जायला वळल्या. मी विचारलं, ते पत्रक परत घेऊ का?

'राहू दे,' म्हणाल्या. 'पुढच्या वेळी याल तेव्हा लागेल.'

तुझ्या वहीतली पहिली दोन-चार पानं झाली की मला पाठव.

तुझा,
काका