आजीचा आवाज विसरेन का?

प्रश्न : ताई, आजी जाऊन आठ महिने झाले. तिचं आयुष्य लिहून काढायला बसते, पण ‘ती फार प्रेमळ होती’ याच्यापुढे पेन सरकत नाही. तिचा आवाजही विसरेन अशी भीती वाटते.

उत्तर : ‘प्रेमळ’ हा शब्द तूर्त बाजूला ठेवा. माझी आजी सुईत दोरा ओवताना श्वास रोखून धरायची आणि दोरा गेला की ‘हं, आता बोल’ म्हणायची. मला तिचं सगळं आयुष्य त्या ‘हं’मध्ये ऐकू येतं. तुमच्या आजीचं असं काय होतं? चष्मा कुठे ठेवायची, कोणाला कोणत्या नावाने हाक मारायची, कशावरून रुसायची? हो, रुसवाही लिहा. तो गाळला तर ती तुमची आजी राहणार नाही.

आवाजासाठी आजच घरातल्या सगळ्यांचे फोन तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज, वाढदिवसाचे व्हिडिओ, मागे कुठेतरी बोलणारी ती. सापडेल ते दोन वेगळ्या ठिकाणी साठवा. फोन बदलताना अशा गोष्टी हमखास जातात. जुन्या कॅसेट असतील तर त्या आधी उतरवून घ्या, कारण ओल आणि उष्णतेने टेप खराब होते. फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात.

आणि तिच्या बहिणी, मैत्रिणी हयात असतील तर याच आठवड्यात भेटा. आजी मुलगी असतानाची गोष्ट फक्त त्यांच्याकडेच आहे.